कावड कुणाच्या खांद्यावर? 'अडथळ्यांचा अभ्यास' करण्याआधी वाचायची दोन पुस्तकं

परवा एका ज्युनियर मित्राने सिनॉप्सिस वाचायला पाठवला. शीर्षक, 'ज्येष्ठ नागरिकांना शासकीय योजनांचा लाभ घेताना येणाऱ्या अडथळ्यांचा अभ्यास', आणि पुढे तालुक्याचं नाव. उद्दिष्टं पाच, गृहीतकं तीन, साधन प्रश्नावली. पहिलं गृहीतक असं : 'माहितीच्या अभावामुळे ज्येष्ठ नागरिक लाभापासून वंचित राहतात.' वाचता वाचता मलाच ओशाळल्यासारखं झालं. कारण आरआरसीपुढे मी स्वतः जो कागद घेऊन उभी राहिले होते, तो जवळपास हाच होता. समितीने तो मंजूरही केला. खरी अडचण तीच आहे. असा सिनॉप्सिस मंजूर होतो.

तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन या विषयावरचे चार-पाच प्रबंध काढा आणि फक्त शेवटचं प्रकरण वाचा. बहुतेक ठिकाणी हीच यादी भेटेल. निरक्षरता, माहितीचा अभाव, अपुरी कागदपत्रं, वाहतुकीची गैरसोय, तंत्रज्ञानाची भीती. आणि शिफारस एकच, जनजागृती करावी. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण प्रत्येक वाक्यात उणेपणा कुणाचा आहे ते बघा. निरक्षर कोण? म्हातारी. माहिती कुणाला नाही? म्हातारीला. कागद कुणाकडे नाहीत? म्हातारीकडे. म्हणजे आपण निघालो होतो योजनेचा अभ्यास करायला आणि दोष मोजून आलो म्हातारीचे.

'अडथळा' हा शब्दच थोडा फसवा आहे. रस्त्यात दरड कोसळावी तसा तो आपोआप पडलाय असं वाटतं. तो कुणी ठेवला, कधी ठेवला आणि उचलायचं काम कुणावर टाकलं, हे प्रश्न त्या शब्दात बसत नाहीत. हे प्रश्न विचारायला मला दोन पुस्तकांनी शिकवलं. दोन्ही चांगली आहेत, आणि दोन्ही आपल्या तालुक्यात आणली की कुठेतरी अडकतात. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये नुसती नावं टाकण्याआधी ती कुठे चालतात आणि कुठे अडकतात, हे समजून घ्यायला हवं. त्यासाठी आधी माझ्या पायलटची फजिती सांगते.

'पगार चालू आहे का?'

मे २०२५. मराठवाड्यातला एक तालुका, गावाचं नाव देत नाही. माझ्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न होता, 'आपणास श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेची माहिती आहे का?' पर्याय : होय, नाही. पहिल्या दिवशी एकामागून एक 'नाही' यायला लागले. मी मनातून खूश. गृहीतक सिद्ध होत होतं ना!

दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत गावातली अंगणवाडी सेविका होती. तिने माझा प्रश्न ऐकला, हसली आणि आजींना विचारलं, "आजी, पगार चालू हाय का तुमचा?" आजी लगेच बोलत्या झाल्या. त्या भागात या पैशाला पगार म्हणतात. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार. योजनेचं पूर्ण सरकारी नाव मी विचारत होते. ते तर तहसीलमधला माणूससुद्धा बोलताना घेत नाही. मग पहिल्या दिवशीचे सगळे 'नाही' कशाचे होते? माझ्या भाषेचे. प्रश्नावलीत अज्ञान नोंदवलं गेलं, पण ते माझं होतं.

पुढची गोष्ट याहून गंभीर. याच आजींच्या फॉर्मवर मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'लाभार्थी : होय'. कारण मंजूर यादीत त्यांचं नाव होतं. पण आजी म्हणाल्या, "व्हता की माय पगार. दिवाळीपस्तोर आला. तवापसून एकदाबी न्हाई." तीन वेळा त्या तालुक्याला जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं की तुमचे पैसे जातायत, बँकेत विचारा. बँकेत सांगितलं, खात्यात काही आलेलं नाही, तहसीलला विचारा. दोघंही खरं बोलत होते.

झालं असं होतं की त्याच सुमारास या योजनेचे पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जायला लागले. आधारवर पैसे पाठवताना खातेक्रमांक बघितला जात नाही. त्या आधारला सगळ्यात शेवटी जे बँकखातं जोडलं गेलं असेल, त्यात रक्कम जाते. आणि कधीतरी गावातल्या एका शिबिरात आजींचा अंगठा घेऊन दुसऱ्याच एका बँकेत शून्य शिलकीचं खातं उघडलं गेलं होतं. आजींना ते आठवतही नव्हतं. पासबुक कधी हातात आलंच नव्हतं. पैसे तिथे जाऊन पडत होते. सरकारी नोंदीत भरणा यशस्वी. माझ्या फॉर्मवर लाभार्थी. आणि आजी किराणा दुकानात उधारीवर.

आम्ही त्या दुसऱ्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात गेलो, अंगठा लावला आणि रक्कम दिसली. आजींनी मला विचारलं, "मंग हे मला कुनी सांगायचं व्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या अडथळ्यांच्या यादीत कुठेच नव्हतं. 'माहितीचा अभाव' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण माहिती तहसीलच्या टेबलाकडेही नव्हती आणि बँकेच्या काउंटरकडेही नव्हती. मग अभाव नेमका कुणाचा?

पहिलं पुस्तक : ओझं कुणी उचलायचं, हा निर्णय असतो

पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन यांचं 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बर्डन : पॉलिसीमेकिंग बाय अदर मीन्स' हे पुस्तक २०१८ मध्ये आलं. प्रशासकीय ओझं, असं म्हणू. सरकारशी व्यवहार करताना माणसाला तीन प्रकारची किंमत मोजावी लागते, अशी त्यांची मांडणी आहे.

एक, माहिती मिळवण्याची किंमत. योजना आहे का, मी तिच्यात बसते का, अर्ज कुठे करायचा. दोन, पूर्ततेची किंमत. कागद, फेऱ्या, रांगा, झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्र, सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी. तीन, मानसिक किंमत. लाज, ताण, समोरच्याच्या टेबलापुढे लहान होणं. आपल्याकडे या तिसऱ्या किमतीला फार दूर शोधायला जायला नको. 'संजय गांधी निराधार' या नावातच ती आहे. मुलगा जिवंत असताना आईने निराधार म्हणून अर्ज करायचा, म्हणजे गावात मुलाची अब्रू काढायची. काही म्हाताऱ्या म्हणूनच अर्ज करत नाहीत आणि तुमच्या प्रश्नावलीला सांगतात, 'आम्हाला काही माहीत नाही बाई.' हा नकार असतो. तुम्ही त्याला अज्ञान म्हणून कोड करता.

पण तीन किमतींची ही विभागणी या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट नाही. दुर्दैवाने आपण तेवढीच उचलतो, त्यावर पाच-पाच विधानांचं मोजमाप तयार करतो आणि पुढे जातो. मोठी गोष्ट उपशीर्षकात आहे. ओझं हेही धोरणच असतं. एखादी योजना कायद्याने बंद करता येत नसेल, तर अटी आणि कागद वाढवून ती आकसता येते. उलट सरकारने मनावर घेतलं, तर तेच ओझं नागरिकाच्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेता येतं.

याचं त्यांचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणचं निवृत्तीवेतन. कायदा १९३५ चा. कामगारांची नोंदणी टपाल कार्यालयांमार्फत झाली, पगाराची नोंद मालकाने पाठवायची आणि आयुष्यभराचा हिशोब सरकारने ठेवायचा. साठीनंतर माणसाला 'मी अमुक वर्षं काम केलं' हे सिद्ध करत फिरावं लागत नाही. नोंद आधीच सरकारकडे असते.

हे आपल्याकडे तपासून बघू

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं ठीक आहे, आपल्या यंत्रणेची तेवढी ताकद नाही. मलाही तसंच वाटायचं. म्हणून महाराष्ट्रातल्याच दोन योजना शेजारी शेजारी ठेवून बघा.

श्रावणबाळ योजना. वय ६५ किंवा जास्त. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर एक गट. नसेल तर दुसरा गट, आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला. रक्कम महिना १,५०० रुपये, ही २०२३ च्या वाढीनंतरची. राज्यात १५ वर्षं रहिवास. वयाचा पुरावा. तालुका समितीची मंजुरी. नंतर दर वर्षी हयातीचा दाखला.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना. जून २०२४ अखेर जाहीर. वय २१ ते ६५. रक्कम तीच, महिना १,५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आणि जुलैमध्येच अटी शिथिल झाल्या. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. रहिवासी दाखला नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. अर्ज भरायला अंगणवाडी सेविका. काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त महिलांच्या खात्यात पैसे पोहोचले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, हे तुम्हाला आठवत असेलच.

आता केशरी कार्ड असलेली एक ६४ वर्षांची बाई डोळ्यासमोर आणा. तिचं उत्पन्न कुणी विचारत नाही. तिला ६५ वर्षं पूर्ण होतात आणि ती एका योजनेतून बाहेर पडून दुसरीच्या दारात येते. त्याच १,५०० रुपयांसाठी आता मर्यादा अडीच लाखांवरून २१,००० वर, आणि दाखला सक्तीचा. एका वाढदिवसाने ती बाई कमी गरीब झाली का? बदललं एवढंच की कालपर्यंत ओझं सरकारने उचललं होतं, आज ते तिच्या डोक्यावर आलं.

म्हणजे ताकद होती. 'यंत्रणा सक्षम नाही' हे गृहीतक इथे टिकत नाही. हर्ड आणि मॉयनिहन यांचं म्हणणं आपल्याकडे इतकं स्वच्छ लागू पडावं याचं मला वाचताना आश्चर्य वाटलं होतं. आणि पुढचा भागही लागू पडतो. निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली, २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. ओझं कमी होतं तसं ते परतही येतं. तुमच्या अभ्यासात ही तारखांची पट्टी असलीच पाहिजे. नुसता 'सद्यस्थितीचा अभ्यास' केला तर ही हालचाल दिसणारच नाही.

पुस्तक कुठे अडकतं

आता टीका. माझ्या मते हे पुस्तक आपल्या तालुक्यात तीन ठिकाणी अडकतं.

पहिलं ठिकाण, नोंद. सोशल सिक्युरिटी हलकी झाली कारण पगाराची नोंद ठेवणारा मालक होता. पण १९३५ च्या मूळ कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार धरलेच नव्हते. आपल्याकडे ज्यांना या पैशाची सगळ्यात जास्त गरज आहे, ते म्हातारे नेमके हेच आहेत. शेतमजूर, ऊसतोड मजूर, धुणीभांडी केलेल्या बायका. आयुष्यभर काम केलं आणि त्याची ओळ कुठल्याच वहीत नाही. म्हणून 'ओझं सरकारने उचलावं' एवढं म्हणून आपलं भागत नाही. कुठल्या नोंदीवर उचलावं, हा आपला जास्तीचा प्रश्न आहे. अनेकींच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण ती अंदाजाने लिहिली गेली. तो अंदाज दोन वर्षांनी चुकला, तर पगार दोन वर्षं उशिरा सुरू होतो.

दुसरं ठिकाण, एकटी व्यक्ती. तिन्ही किमती मोजायचं त्यांचं एकक मुख्यतः अर्जदार आहे. मदत करणाऱ्या तिसऱ्या लोकांचा विचार पुस्तकात आहे, पण मोजणी शेवटी अर्जदारापाशी येते. आपल्याकडे अर्जाची फाईल एकटी म्हातारी कधीच चालवत नाही. नातू मोबाइलवर ओटीपी बघतो, सून झेरॉक्स काढते, शेजारचा तालुक्याला नेतो, कुणी कार्यकर्ता समितीत शब्द टाकतो आणि सेतू केंद्रावाला फॉर्म भरतो. आजींना विचारलं 'तुम्हाला किती त्रास झाला?' तर त्या म्हणतील, 'मला काय, पोरानं केलं.' मग पूर्ततेची किंमत शून्य का? ती मुलाच्या बुडालेल्या हजेरीत आहे. आणि त्या मदतीच्या बदल्यात आजींनी घरात काय काय ऐकून घेतलं, त्यातही आहे.

तिसरं ठिकाण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुस्तक असं धरून चालतं की अट खडतर असते, पण खरी असते. म्हणजे जो पात्र आहे तो कष्ट करून ती पूर्ण करू शकतो. आता २१,००० रुपयांचा हिशोब करू. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,०००, म्हणजे महिना १,७५०. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एका माणसाने वर्षात ७१ दिवस ते काम केलं की २१,०८७ रुपये झाले आणि कुटुंब अपात्र! शंभर दिवसांची हमी देणारं सरकार आणि ७१ दिवसांत बाहेर काढणारी अट, दोन्ही एकाच राज्यात.

मग दाखले मिळतात कसे? सगळे मिळून आकडा जुळवतात. अर्जदार, जबाब देणारे शेजारी, चौकशी करणारा, सही करणारा. प्रत्येकाला माहीत असतं की २१,००० मध्ये घर चालत नाही. यातले बरेच जण हे चांगल्या मनाने करतात, कारण आकडा खरा लिहिला तर गरिबाचं नुकसान होतं. पण याचा परिणाम असा की ज्याला खरं तर हक्काचं मिळायला हवं, त्याच्या फाईलमध्ये कायमचं एक खोटं बसतं. उद्या कुणाशी वाकडं आलं, निवडणुकीत चुकीच्या बाजूला दिसला, की तीच फाईल उघडता येते. हे ओझं तीनपैकी कुठल्या रकान्यात टाकायचं? वेळ, पैसा, लाज यात ते बसत नाही. ही मिंधेपणाची किंमत आहे, आणि ती अर्ज मंजूर झाल्यानंतर सुरू होते.

दुसरं पुस्तक : मनमानीचा कारखाना

इथे अखिल गुप्ता उपयोगी पडतात. 'रेड टेप : ब्युरोक्रसी, स्ट्रक्चरल व्हायोलन्स अँड पॉव्हर्टी इन इंडिया' हे त्यांचं पुस्तक २०१२ चं. क्षेत्रकार्य पश्चिम उत्तर प्रदेशातलं. सुरुवातीलाच वृद्धांच्या पेन्शनसाठी भरलेल्या एका शिबिराचं वर्णन आहे. आलेल्यांकडे वयाचा धड पुरावा नाही आणि अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे ठरवायचंय की कोण पुरेसं म्हातारं आहे. कुणी दुष्ट नाही, कुणी मुद्दाम अडवत नाही. तरी कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे जवळजवळ नशिबावर जातं. सरकारला गरिबांबद्दल कळवळा असूनही त्याच्या रोजच्या कामातून मनमानी तयार होत राहते, आणि तिची किंमत गरीब माणूस जिवाने मोजतो, असं गुप्तांचं म्हणणं आहे.

हे वाचताना मला आजींचे ते दोन काउंटर आठवले. दोघं खरं बोलतायत, दोघं आपापल्या पडद्यावर जे दिसतं तेच सांगतायत, आणि मधल्या फटीत सहा महिन्यांचे पैसे गेलेत. यात कुणाचा हेतू शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. संशोधक म्हणून आपल्याला 'खलनायक कोण' हे शोधायची फार घाई असते. गुप्ता ती घाई थांबवतात. लिखाणाबद्दलही त्यांनी बरंच सांगितलंय. फाईल, नोंद, अर्ज हे सरकारी कामाचं नुसतं साधन नसतं, लिहिणं हेच काम होऊन बसतं. 'भरणा यशस्वी' ही नोंद झाली की यंत्रणेपुरतं काम संपलं.

पण हेही पुस्तक अडकतं. एक तर त्यातलं क्षेत्रकार्य आधारच्या फार आधीचं आहे. तिथला अधिकारी समोरच्या माणसाकडे बघून वय ठरवतो, आजींच्या बाबतीत समोर कुणी बघतच नव्हतं. मनमानी आता टेबलावरून सर्व्हरवर गेली आहे, आणि सर्व्हरशी भांडायला समोर माणूस नसतो. दुसरं कारण मोठं. सगळंच मनमानीवर टाकलं तर लाडकी बहीणचं कोडं सुटत नाही. हीच यंत्रणा, हेच तालुके, हीच माणसं. तरी काही महिन्यांत कोट्यवधी अर्ज मार्गी लागले. म्हणजे मनमानी नैसर्गिक नाही. कुठल्या योजनेत ती चालू द्यायची आणि कुठल्या योजनेत ती आवरायची, हेही वरून ठरतं. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनातला ६० ते ७९ वयासाठीचा वाटा २००६ पासून २०० रुपयांवर थांबलेला आहे. हा काही कुठल्या कारकुनाच्या टेबलावरचा गोंधळ नाही.

म्हणून माझं मत असं आहे की ही दोन्ही पुस्तकं एकत्र वाचली तरच उपयोग. हर्ड-मॉयनिहन विचारतात, ओझं कुणावर टाकायचं हे कुणी ठरवलं? गुप्ता विचारतात, ठरवल्यानंतर टेबलावर प्रत्यक्षात काय झालं? पहिला प्रश्न शासन निर्णय आणि तारखांमध्ये सापडतो, दुसरा काउंटरपाशी उभं राहून. एकच घेतला की अभ्यास लंगडा पडतो. आणि आपल्या मातीतला तिसरा प्रश्न दोघांनीही पुरता विचारलेला नाही : पात्र ठरण्यासाठी माणसाला काय खोटं बोलावं लागलं, आणि ते खोटं आता कुणाच्या हातात आहे?

मग प्रश्नावलीत काय बदलायचं?

त्या ज्युनियरला मी जे कळवलं, तेच इथे लिहिते.

नमुना फक्त लाभार्थी यादीतून घेऊ नका आणि फक्त तहसीलच्या रांगेतूनही घेऊ नका. रांगेत उभा आहे तो निम्मे अडथळे पार करून आलेला आहे. ज्याने अर्जच केला नाही तो घरी सापडतो. एखाद्या वस्तीत घरोघर जाऊन ६५ च्या वरचे सगळे मोजा, मग त्यांचे गट पाडा : अर्ज न केलेले, नाकारलेले, मंजूर पण पैसे न येणारे, आणि पैसे येणारे. 'मंजूर पण पैसे न येणारे' हा गट माझ्या पहिल्या आराखड्यात नव्हताच.

'माहिती आहे का' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी शेवटच्या फेरीची गोष्ट विचारा. शेवटचं कधी गेला होतात, सोबत कोण होतं, त्याची मजुरी गेली का, टेबलावर काय सांगितलं, परत कधी या म्हणाले. माणूस मत विचारलं की गप्प होतो, गोष्ट विचारली की बोलतो.

पासबुक बघा. परवानगी घेऊन, आदराने, पण बघा. 'मिळतो का' याचं उत्तर तोंडी घेऊ नका आणि यादीतूनही घेऊ नका.

उत्पन्नाचा आकडा विचारताना फार जपून. दाखल्यातला आकडा आणि घरातला आकडा तुम्ही एकाच फॉर्मवर, नावानिशी लिहिलात, तर तुमचा प्रबंधच उद्या एखाद्याचा पगार बंद करायला वापरला जाऊ शकतो. मी तो रकाना काढून टाकला. पुरावा थोडा कमी झाला, पण रात्री झोप लागते.

आणि प्रत्येक 'अडथळ्या'समोर एक रकाना जोडा : हे काम दुसरं कोण करू शकलं असतं? वयाचा पुरावा म्हातारीने आणायचा की मतदार यादीतून कार्यालयाने बघायचा? नियमात मतदार यादीतलं वय चालतं, आणि ती यादी सरकारचीच आहे. खातं बदललं तर शोधत म्हातारीने फिरायचं की पैसे पाठवणाऱ्याने एक चिठ्ठी पाठवायची? हा रकाना भरायला लागलात की तुमची शिफारस आपोआप 'जनजागृती करावी' याच्या पुढे जाईल.

एक प्रश्न मला व्हायवात येणार आहे, तो आधीच सांगून ठेवते. आजींना बँकेत घेऊन गेलीस, म्हणजे संशोधक म्हणून हस्तक्षेप केलास ना? केला. गाइडना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, लपवू नकोस, क्षेत्रकार्याच्या डायरीत तारखेसह लिही आणि परिशिष्टात दे. पायलटचे सगळे फॉर्म बाजूला ठेवले आणि यादीवर विसंबून ज्यांच्यापुढे मी 'होय' लिहिलं होतं, त्या प्रत्येक घरी पुन्हा गेले. त्यात पावसाळा गेला. वेळापत्रक कोलमडलं, सहामाही अहवाल उशिरा गेला.

श्रावणबाळ आईवडिलांना कावडीत बसवून स्वतः चालला होता. त्याच्या नावाच्या योजनेत कोण बसलंय आणि कोण चालतंय, एवढं जरी तुमच्या प्रबंधात नीट दिसलं तरी तो उपयोगाचा होईल. त्या ज्युनियरचा सुधारलेला सिनॉप्सिस काल आला. शीर्षकात 'अडथळे' अजून आहे. पण सातवा प्रश्न त्याने बदललाय : "पगार चालू आहे का? शेवटचा कधी हातात आला?"